मैनेचं डोहाळजेवण

संपादकांचा फोन आला, "दिवाळी अंकासाठी तुमच्या प्रॅक्टिसमधल्या गमती लिहा. कुत्र्यामांजरांचं वाचायला लोकांना आवडतं." मी म्हटलं, "गमती कुत्र्यांच्या नसतात हो, त्यांच्या माणसांच्या असतात." "मग त्या लिहा," म्हणाले. तर लिहिते. मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची सुरुवात इगतपुरीकडच्या सरकारी दवाखान्यात झाली. पुढे ती सोडून नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत स्वतःचा दवाखाना टाकला, आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारल्यावर तो बंद केला. मधला सगळा प्रवास सांगत बसत नाही. एकाच प्रश्नाबद्दल सांगते, कारण लशींच्या खालोखाल तोच मला सगळ्यात जास्त विचारला गेला. "डॉक्टर, हिला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत ना?"

इगतपुरीला हा प्रश्नच नव्हता. तिथे गाय माजावर आली की लोक धावत बोलवायला यायचे, आणि गाभण राहिली नाही की घरात सुतक असल्यासारखी तोंडं करायचे. गाय गाभण आहे का हे हात घालून तपासावं लागतं, खांद्यापर्यंत. पावसाच्या धारा, गोठ्यात चिखल, माझा एक हात गाईच्या आत, आणि शेजारी पदर खोचून उभ्या असलेल्या म्हातारीचा प्रश्न ठरलेला.

"बाई, तुम्हाला लेकरं किती?"

"एकही नाही."

"आन आमच्या गाईला राहील म्हणता?"

मी हसायचे. तेव्हा लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, हसणं परवडत होतं. पुढे मी आणि शरद, म्हणजे माझा नवरा, बऱ्याच डॉक्टरांच्या पायऱ्या चढलो आणि उतरलो. मूल झालं नाही. एक दिवस आम्ही दोघांनी न ठरवताच तो विषय बंद केला. सांगायचं एवढंच, की ज्या प्रश्नावर मी आयुष्यभर लोकांना सल्ले दिले त्या प्रश्नाच्या कोणत्या बाजूला मी उभी होते, हे वाचकांना आधीच माहीत असलेलं बरं.

नाशिकला कुत्र्यांची प्रॅक्टिस सुरू झाली आणि लक्षात आलं की शहरातली माणसं कुत्रीसाठी चक्क स्थळं बघतात. एका घरची पांढरीशुभ्र पॉमेरेनियन होती. तिच्यासाठी मी एक नर सुचवला तर बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "त्यांच्याकडची माणसं शाकाहारी आहेत ना?" म्हटलं, माणसांचं माहीत नाही, पण मुलगा उंदीर खातो. त्या पुन्हा आल्या नाहीत. एक वकीलसाहेब होते. त्यांनी आपल्या अल्सेशियन कुत्रीची पिल्लं मोठ्या हौसेने होऊ दिली, चांगल्या घरी दिली, आणि नंतर दर रविवारी स्कूटर काढून एकेका पिल्लाला भेटायला जायला लागले. शेवटी एका घरच्या आजीबाईंनी त्यांना सुनावलं, "लेकीच्या घरी असं सारखं येऊ नये." हे सांगताना वकीलसाहेब हसत होते, पण रुमाल शोधत होते.

माझी पद्धत ठरलेली होती. कुणी पिल्लांचा विषय काढला की मी आधी विचारायची, "पिल्लं कुणासाठी हवीत? तुमच्यासाठी की तिच्यासाठी?" सगळे म्हणायचे, तिच्यासाठी. "तिने सांगितलं का तुम्हाला?" एवढं विचारलं की निम्मे लोक विषय बदलायचे. कुत्रीला एकदा तरी आईपण मिळालं नाही तर तिची तब्येत बिघडते, ती झुरते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि ती खरी नाही. कुत्रीला गेल्या वर्षीच्या पिल्लांची आठवण येत नाही, तर न झालेल्यांची कुठून येणार? मग मी हाडं तपासायची, हृदय ऐकायची. शेवटी सांगायची, बाळंतपणात कुत्री दगावूही शकते. हे ऐकल्यावरही ज्यांना पिल्लं हवीच असायची त्यांना मी मनापासून मदत केली. माझ्या हातांनी शेकड्यांनी पिल्लं ओढून काढली आहेत. ओल्या पिल्लाला टॉवेलात घेऊन चोळताना त्याने पहिला श्वास घेतला की अजूनही, म्हणजे दवाखाना बंद होईपर्यंत, मी त्याला लागेल त्यापेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवायची. ते बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

आहेर काका-काकू ओझरहून यायचे. काका तिथल्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर तिथेच, कारखान्याच्या माणसांनी बांधलेल्या एका कॉलनीत, त्यांनी घर केलं होतं. ओझरला डॉक्टर नव्हते असं नाही, पण काकूंना बाईमाणूस डॉक्टर हवी होती, कारण त्यांची कुत्रीही बाईमाणूस. तिचं नाव मैना. फिकट पिवळ्या रंगाची लॅब्रडोर, डोळ्यांत कायम 'जेवलात का' असा भाव. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, प्राजक्ताने, हौसेने आणलेली. मग प्राजक्ता नोकरीसाठी जर्मनीला गेली, तिथेच लग्न केलं, आणि मैना आईबापांकडे राहिली.

मैना पाच वर्षांची असताना काकूंनी तो प्रश्न विचारला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "कुणासाठी हवीत?"

"माझ्यासाठी," काकू म्हणाल्या.

इतकं सरळ उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. काकू निफाडकडच्या, चाळीस वर्षं कारखान्याच्या वसाहतीत काढूनही बोलणं माहेरचंच राहिलेलं. "पोरीनं सांगून टाकलं, आम्ही मूल होऊ देणार नाय. जावयाचंबी तेच म्हणणं. मी म्हटलं, तुमची मर्जी. पण मॅडम, घरात एकदा बारसं व्हावं वाटतं हो. पाळणा नको, टोपली चालेल. दोन महिने घर भरलेलं असंल. मग द्यायची ती देऊ लोकांना, एक ठिवू आपल्याला."

काका भिंतीवरचा जंताच्या औषधाचा तक्ता वाचत होते. तो त्यांनी दोनदा तरी वाचला असेल.

मी एक्स-रे काढला. मैनेच्या दोन्ही खुब्यांची हाडं खोबणीत नीट बसत नव्हती. लॅब्रडोरमध्ये हा दोष असतो आणि तो आईकडून पिल्लांत उतरतो. शिवाय पाचव्या वर्षी पहिलटकरीण, म्हणजे धोका आणखी. मी फिल्म उजेडाला धरून काकूंना दाखवलं आणि सांगितलं, "नको. तिलाही त्रास, आणि पिल्लं जन्मभर लंगडतील."

काकूंनी मैनेच्या खुब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला नाय कळायचं, मॅडम."

"अगं ए," काका म्हणाले.

मला ते वाक्य नवीन नव्हतं. इगतपुरीपासून ते माझ्याबरोबर येत होतं. मी मैनेला बिस्किट दिलं आणि पुढच्या लशीची तारीख सांगितली.

त्यानंतर काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. आवाजात नुसती लगबग. "मॅडम, तुम्ही नको म्हणालात ते मी ऐकलं. आम्ही काय केलं नाय हां. पण देवानंच दिलं! मैना माजावर होती तवा ह्यांच्याकडून फाटक उघडं राहिलं, घटकाभर पळाली होती. आता पोट दिसतंय, दूधबी यायला लागलं. शनिवारी डोहाळजेवण करतोय. तुम्ही यायचं, आणि साहेबांनाबी आणायचं."

मला आधी तिचे खुबे आठवले. मग वाटलं, आता झालंच आहे तर बाळंतपण नीट पार पाडू. शनिवारी दुपारी मी आणि शरद ओझरला गेलो.

घर फुलांनी सजवलेलं होतं. कॉलनीतल्या पंधरावीस बायका जमल्या होत्या, कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या बायका, बहुतेकींच्या सुना-मुली पुण्याला नाहीतर परदेशात. मैनेला पाटावर बसवलं होतं. गळ्यात मोगऱ्याचा गजरा, पाठीवर हिरवा खण. ती गजरा खायच्या खटपटीत होती. समोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या. आपल्याकडे अशी रीत आहे की गर्भारशीने एक वाटी उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मैनेने नाकाने दोन्ही झाकणं उडवली, पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली आणि वाट्या चाटून पाटाबाहेर ढकलल्या. बायका टाळ्या वाजवून ओरडल्या, "दोन्ही! दोन्ही!" शरद तर डोळे पुसत हसत होता. मीही हसले. गोड देऊ नका हे सांगायचं राहूनच गेलं.

मग काकू मला म्हणाल्या, "आता एकदा हात लावून बघा ना, किती हायेत ते." मैना तेवढ्यात उठून आतल्या खोलीत गेली होती. आम्ही दोघी मागे गेलो. ती पलंगाखाली शिरली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. "तिनं तिथं जागा केलीय बाळंतपणासाठी," काकू कौतुकाने म्हणाल्या. मी गुडघ्यांवर बसून आत पाहिलं.

पलंगाखाली मैनेने घरटं केलं होतं. त्यात एक कुंची होती, लाल खणाची, कडेला जरीचा काठ असलेली. दोन टोपडी. एक झबलं. पायमोजे, त्यातला एक तिने पोटाशी घेतला होता आणि चाटत होती. मी हात पुढे केला तशी ती गुरगुरली. मैना आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरली.

"हे काय?"

"प्राजूचं लहानपणचं. ट्रंकेत ठिवलेलं होतं. ही सारखी ट्रंकेपाशी जाऊन बसायची, म्हणून उघडली तर एकेक करून घेऊन आली. मी म्हटलं, असू दे. तिलाच कळतंय काय लागणार ते."

माझ्या मनात तेव्हाच शंका आली. मी मैनेला हळूहळू बाहेर घेतलं, कुशीवर निजवलं आणि पोट चाचपलं. एवढ्या दिवसांचा गर्भ असेल तर पिल्लं हाताला लागतात, बोटांखाली सरकतात. स्टेथोस्कोप लावला तर त्यांची हृदयं ऐकू येतात, मोठ्या पातेल्यात बारीक उकळी फुटावी तशी भराभर. मी सगळीकडे ऐकलं. मैनेचं एकटीचं हृदय तेवढं चालू होतं. सडांत दूध होतं. पोटात कुणी नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगते. कुत्री माजावर येऊन गेली की नर भेटला असो वा नसो, तिच्या शरीरात पुढचे दोन महिने जवळजवळ सारखेच बदल होतात. काहींच्या बाबतीत शरीर पुरतं फसतं. पोट सुटतं, दूध येतं, ती जागा उकरून घर करते आणि एखादी चप्पल, बाहुली, चेंडू, जे सापडेल त्याला पिल्लू मानून पोटाशी घेते. रानात राहणाऱ्या यांच्या पूर्वजांत त्याचा उपयोग होता असं म्हणतात. कळपातल्या ज्या मादीला स्वतःची पिल्लं नाहीत तिलाही दूध यावं, म्हणजे दुसरीची पिल्लं उपाशी राहात नाहीत. कॉलेजमध्ये हे शिकले तेव्हा मी नुसतं लिहून घेतलं होतं. पुढे अनेक वर्षांनी एकदा एकटी असताना ते आठवलं आणि मी खूप रडले होते.

काकूंनी तिला रोज अळिवाची खीर दिली होती. सडांना कोमट तेल लावून चोळलं होतं, पहिलटकरणीला आई करते तसं. त्यामुळे दूध आणखीच वाढलं होतं.

मी दार लोटून घेतलं. बाहेर बायकांनी डोहाळ्याचं गाणं सुरू केलं होतं. मी काकूंना सांगितलं.

"पण दूध येतंय की तिला."

"येतं, काकू. तिचं अंग फसलंय."

"म्हंजे नुसतीच आस?"

"हो."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. मैना पुन्हा आत शिरली आणि आम्हाला तिचं चाटणं ऐकू यायला लागलं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला बोलतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाहेर सांगू नका. आजचा दिवस होऊन जाऊ द्या. ह्या समद्याजणी सकाळपासून राबल्यात. कुणाच्याच घरी असं काय होत नाय आता."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन बसले. किती आहेत, असं एकीने विचारलं तर काकूच म्हणाल्या, "कळंल की वेळ आली म्हंजे." मग एकेक बाई पुढे येऊन मैनेची ओटी भरून गेली. माझी पाळी आली. खोटं काही करायचं नाही असा माझा स्वभाव आहे, त्यापायी मी पुष्कळ गिऱ्हाइकं घालवली आहेत. मी उठले, तांदूळ घेतले, नारळ घेतला आणि मैनेची ओटी भरली. तिने माझा हात चाटला. तिची काय चूक होती?

दुसऱ्या दिवशी काका-काकू तिला घेऊन नाशिकला आले. सोनोग्राफीच्या पडद्यावर रिकामं पोट दोघांनी पाहिलं. मी उपाय सांगितला, तो साधा असतो. खीर बंद, तेल बंद, सडांना हात लावायचा नाही, लांब फिरायला न्यायचं. आणि ज्यांना ती पिल्लं समजते त्या वस्तू तिच्यापासून काढून घ्यायच्या, दिसणार नाहीत अशा ठेवायच्या. त्या समोर असेपर्यंत दूध आटत नाही.

"ते मला व्हायचं नाय," काकू म्हणाल्या. "ट्रंकेत टाकले तर ट्रंकेपाशी बसंल. माळ्यावर टाकले तर माळ्याखाली बसंल. आन मी काढून देईन तिला. मला माहिताय ना मी."

काकांनी हळूच पिशवीतून एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. ते घरूनच घेऊन आले होते. "मॅडम, तुमच्याकडे राहू द्या थोडे दिवस."

असे ते कपडे माझ्या घरी आले. कपाटात मी त्यांच्यासाठी एक कप्पा रिकामा केला. शरदने विचारलं, "काय आहे?" मी सांगितलं. नॅप्थलीनच्या गोळ्या कुठे असतात हे त्याला कधीच माहीत नसतं, पण त्या दिवशी त्याने त्या शोधून आणल्या.

मैना पहिले काही दिवस घरभर शोधत फिरली. काकू फोन करून सांगायच्या, आज पलंगाखाली गेली, आज ट्रंक उकरली, आज मोलकरणीच्या पिशवीत तोंड घातलं. मग एक दिवस म्हणाल्या, "आज नाय शोधलं."

दूध आटल्यावर खरा निर्णय उरला. दर वेळी माजावर आली की हे पुन्हा होणार, शिवाय वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका. ऑपरेशन करून गर्भाशय काढणं हाच शहाणपणाचा मार्ग. मी काकांना सांगितलं होतं, घाई नाही, विचार करून सांगा. दोन-अडीच महिन्यांनी काकू एकट्याच मैनेला रिक्षात घालून घेऊन आल्या. म्हणाल्या, "करा. तिला परत परत नको ते. एकदा आस लागली की कसं व्हतं ते मी बघितलं."

टेबलावर मैनेला गुंगी चढत होती. काकूंचा हात तिच्या डोक्यावर होता. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागं मी बोलले, तुम्हाला नाय कळायचं. कुणीतरी नंतर मला सांगितलं तुमचं."

"कळतं मला, काकू," मी म्हटलं. इतकी वर्षं हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. मग हातमोजे चढवले आणि सुरुवात केली.

ऑपरेशन छान झालं. मैना आता बारा वर्षांची आहे, तोंड पांढरं झालंय, खुब्यांमुळे चाल डुगडुगती आहे, पण जेवणाची वेळ तिला भिंतीवरच्या घड्याळाआधी कळते. मी दवाखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा गाठोडं घेऊन ओझरला गेले. मैना दारात आली, गाठोड्याचा वास घेतला आणि माझ्या चपलांकडे वळली. काकूंनी कुंची उलगडली, गालाला लावली, घडी घातली. मग सगळं पुन्हा बांधून माझ्या हातात दिलं.

"माझ्याकडं ठिवले तर मी रोज काढून बघत बसंन. तुमच्याकडंच असू द्या. लागतील तवा मागून घेईन."

कुणाला लागतील ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्राजक्ता आता चाळिशी ओलांडून गेली आहे, मजेत आहे, व्हिडिओ कॉलवर मैनेला हाका मारते. कपडे अजून कुणी मागितलेले नाहीत.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि दर वर्षीप्रमाणे आम्ही लोकरीचे कपडे उन्हात काढले. स्वेटर, शाली, आणि शेवटी ते गाठोडं. शरद गॅलरीतल्या दोरीवर एकेक वाळत घालतो. टोपड्यांना तो दोन चिमटे लावतो, एकाने पुरत असूनही. समोरच्या इमारतीत नव्यानेच राहायला आलेली एक तरुण बाई कुंड्यांना पाणी घालत होती. तिने पाहिलं आणि हसून ओरडली, "अय्या, केवढुशी कुंची! कोण आलंय हो काकू घरी?"

या प्रश्नाच्या सगळ्या जातींना मी आयुष्यभर फटकन उत्तर दिलं आहे. उंदीर खाणाऱ्या नवऱ्या मुलासारखं सुचलं असतं काहीतरी. शरद चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत थांबला होता.

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "आमच्याकडचेच कपडे आहेत."

मग कुंची दुसऱ्या बाजूने उलटी करून घातली, म्हणजे तिकडूनही ऊन लागेल.